खुर्चीला वाचून दाखवलं का?

आमच्या कचेरीत वेताची एक खुर्ची होती आणि तिच्यावर बसायची कुणाला परवानगी नव्हती. मास्तरांच्या, म्हणजे आमच्या संपादकांच्या, टेबलासमोर, अगदी त्यांच्या तोंडापुढे ती मांडलेली असे. आल्यागेल्यासाठी भिंतीला लागून बाक होता. एकदा म्युनिसिपालिटीचे एक सभासद तणतणत आत आले आणि सरळ त्या खुर्चीत बसले. मास्तर हातातला कागद वाचत होते. वर न बघताच ते म्हणाले, "जरा उठता का? तिथं एक बाई बसल्या आहेत." सभासद असे काही उठले की डोक्यावरचा रुमाल हातात आला. त्या पेपरच्या संपादकाला बाहेरची बाधा झाली आहे, असं ते पुढं बरेच दिवस पेठेत सांगत होते.

बाधाबिधा काही नव्हती. मास्तरांची बातमी निवडायची ती पद्धत होती. ज्याची बातमी असेल तो माणूस त्या खुर्चीत बसला आहे असं धरायचं आणि त्याच्या तोंडावर ती मोठ्यानं वाचायची. नजर खाली न घालता शेवटच्या ओळीपर्यंत जाता आलं तर बातमी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडं जायची. मध्येच कुठं अडखळायला झालं तर तेवढा शब्द तरी गाळला जायचा, नाहीतर सगळी बातमीच.

मी तिथं उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. पुण्याला शिकून आलो होतो आणि पत्रकारिता म्हणजे काय ते मला पुरतं कळलेलं होतं. आमचं दैनिक तेव्हा सोलापुरातलं मोठं समजलं जायचं. मुंबईच्या तारा यायच्या, तालुक्यातालुक्यात बातमीदार होते, अंक पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटपर्यंत जायचा. आणि एवढ्या पत्रात काय छापायचं, ते एक मोडकी खुर्ची ठरवते हे बघून मला पहिल्या आठवड्यातच परत जावंसं वाटलं होतं.

मास्तर आधी वीस वर्षं शाळेत शिकवत होते, म्हणून मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. ते मात्र सगळ्यांना अहोजाहो करत, झाडूवालीलासुद्धा. बारा महिने काखेत छत्री. दुपारी टेबलावरच कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खायचे, आणि ती बांधून आणलेली असायची समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या दैनिकाच्या कालच्या अंकात. "कागद बरा वापरतात," एवढंच त्या पत्राबद्दल त्यांचं मत मी ऐकलं. बायको मागंच गेली होती. एक मुलगी, ती विजापूरकडं दिलेली. तिला रोजचा अंक टपालानं जायचा आणि त्यावरचा पत्ता ते स्वतःच्या हातानं लिहीत.

चोरीची बातमी आली की खुर्चीत आधी ज्याच्या घरी चोरी झाली तो बसायचा आणि मग चोर. एकदा मी एका बातमीत 'अट्टल चोर' असं लिहिलं होतं. मास्तरांनी ती वाचली आणि थांबले. म्हणाले, "हा विचारतोय, मी पहिल्यांदाच सापडलोय, तर अट्टल कसा?" मी म्हटलं, चोर कसा विचारेल. ते म्हणाले, विचारणारच, त्याला काय तोंड नाही. 'अट्टल' गेला. मोठ्या माणसांचीही सुटका नव्हती. कलेक्टरसाहेबांच्या निरोपसमारंभाचा मी रंगवून लिहिलेला वृत्तांत त्यांनी खुर्चीपुढं वाचला, आणि तिसऱ्या विशेषणाला त्यांचे स्वतःचेच कान लाल झाले. साहेबांना लाज वाटते आहे, असं म्हणून त्यांनी विशेषणं एकेक करून खोडली. शेवटी साहेब आले, हार घातले, साहेब गेले, एवढंच उरलं. आणि व्हाइसरॉयच्या भाषणाची तार आली की ती खुर्चीला वाचून म्हणायचे, "निवांत बसलेत. यांना कशाचं काही वाटत नाही. घ्या."

हे सगळं एक वेळ गंमत म्हणून चाललं असतं. मरणाच्या बातमीचं मात्र तसं नव्हतं. मेलेला माणूस खुर्चीत बसू शकत नाही, म्हणून तिथं त्याच्या घरचं माणूस बसे. बायको, आई, जे कुणी जवळचं असेल ते. आणि वाचायच्या आधी मास्तर विचारत, "यांना कळलंय का?" कळलं आहे असं खात्रीनं सांगणारं कुणी नसेल तर बातमी थांबायची. मरण आधी माणसानं जाऊन सांगायचं असतं, पेपरानं सांगायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी एक दिवस गेला तरी चालेल, दोन गेले तरी चालतील.

याचा परिणाम काय व्हायचा तो सांगायला नको. गावात कुणी नावाजलेला माणूस गेला की समोरच्या दैनिकात दुसऱ्या दिवशी काळी चौकट, आणि आमच्याकडं त्या जागी शेंगांचे भाव. लोक आमच्या दैनिकाला 'तेराव्याचं पत्र' म्हणायला लागले होते. चहाच्या दुकानात मला कुणी ओळखलं की हटकून विचारायचं, "काय वो, शिवाजीमहाराज गेल्याचं आलं का तुमच्यात?" मालक कापसाचे व्यापारी होते, मनानं चांगले. ते वर्षातून दोनदा मास्तरांना समजावायला यायचे, बाकावर बसायचे, खुर्चीकडं बघायचे आणि सरकीबद्दल बोलून परत जायचे. मला मास्तरांचा राग यायचा. आपल्या हातात आलेली बातमी दुसऱ्यानं आधी छापावी यासारखं दुःख त्या वयात मला दुसरं माहीत नव्हतं.

त्या वर्षी मास्तर नातवाच्या बारशाला विजापूरला गेले आणि दोन दिवस पत्र माझ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेंभुर्णीकडून येणारी एक सर्व्हिस मोटार सीनेच्या पुलाजवळ उलटली. बाकीच्यांना खरचटलं, मुका मार बसला. एक माणूस गेला. चेहऱ्याला मार लागल्यामुळं ओळख पटण्यासारखी नव्हती, पण अंगातल्या कोटाच्या खिशात एक कार्ड होतं. करकंबहून सासऱ्यानं जावयाला लिहिलेलं. त्यावर नाव होतं आणि पत्ता होता मंगळवार पेठेतल्या एका सुताच्या दुकानाचा. माणूस त्या दुकानात कारकून होता. हे सगळं मला पोलिसातल्या एका ओळखीच्या हवालदारानं सांगितलं. दुकान त्या दिवशी बंद होतं, तेव्हा घरच्यांना कळवायला उद्या सकाळी जाऊ, असंही तो म्हणाला. म्हणजे अजून कुणालाच काही कळलेलं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. समोरच्या दैनिकालाही कळलेलं नाही, एवढंच मी त्यातून घेतलं.

मी बातमी लिहिली. चांगली अर्धा स्तंभ लिहिली. मयताचं नाव मथळ्यात घातलं आणि त्याच्या मागं पत्नी असून ती सध्या करकंबला माहेरी असल्याचंही, कार्डावरून, दिलं. कागद जुळाऱ्याकडं नेला. आमचे मुख्य जुळारी म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी कागद हातात घेतला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "खुर्चीला वाचून दाखवलं का?"

मी म्हटलं, "खुर्ची काय उद्या अंक विकायला जाणार आहे का, चाचा?"

त्यांनी खिळे जुळवायला घेतले.

सकाळी अंक निघाला. समोरच्या दैनिकात एक अक्षर नव्हतं. पेठेत माणसं आमचा अंक उघडून उभ्यानं वाचत होती आणि मी उगीचच दोनदा त्यांच्यामधून चालत गेलो. मला फार आनंद झाला होता. तो लपवून ठेवण्यात आता काही अर्थ नाही.

मास्तर सकाळच्या गाडीनं आले आणि स्टेशनवरून थेट कचेरीत आले. त्यांनी अंक उघडला असेल नसेल, तेवढ्यात दारात एक तिशीचा माणूस उभा राहिला. धोतर, सदरा, डोक्याला टोपी, हातात आमचाच अंक. तो जरा हसत होता, जरा घाबरलेला होता. बातमी असलेल्या जागेवर बोट ठेवून तो म्हणाला, "हे मीच की वो. मी जित्ता हाय."

त्यानं मग आपणहूनच सांगितलं, की सकाळी दुकान उघडायला गेला तर शेजारचा पानवाला त्याला बघून किंचाळला. गेलेल्या माणसाच्या अंगात होता तो कोट त्याचा, लग्नातला. दोन दिवसांपूर्वी त्यानं तो एकाला वापरायला दिला होता. आत सासऱ्याचं कार्ड राहिलं होतं, तेवढं त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मास्तरांनी पहिला प्रश्न केला तो बायको कुठं आहे हा. करकंबला, माहेरी, असं तो म्हणाला. मास्तरांनी घड्याळाकडं बघितलं. पंढरपूर-करकंबकडच्या मोटारीबरोबर आमच्या अंकांचा गठ्ठा सकाळीच गेला होता. त्या माणसाच्याही ते आता ध्यानात आलं आणि त्याचं हसू गेलं. मास्तरांनी त्याला वाट धरायला सांगितली. मिळेल त्या वाहनानं, पण आत्ता. तो वळला तेव्हा त्यांनी त्याला थांबवून दुसरा प्रश्न विचारला.

"कोट कुणाला दिला होता?"

तो माणूस दारातच उभा राहिला. मग म्हणाला, साखर पेठेत एक विणकर होता, दुकानातून सूत नेणारा. धाकट्या बहिणीसाठी टेंभुर्णीला स्थळ बघायला जायचं होतं. चारचौघांत जायचं तर अंगावर बरा कोट पाहिजे म्हणून मागायला आला होता. त्यानं नाव सांगितलं, घर सांगितलं, आणि मग तो निघून गेला.

मी टेबलाशी बसलो आणि दुरुस्ती लिहायला घेतली. आता निदान ती तरी झटपट आणि नीट जावी, असं मला वाटत होतं. आमच्या कालच्या अंकात अमुक यांचे निधन झाल्याचे जे वृत्त आले ते चुकीचे असून सदर गृहस्थ सुखरूप आहेत, हे कळवण्यास आम्हांस आनंद होतो. मयत इसम साखर पेठेतील अमुक अमुक होत. चार ओळी. मास्तरांनी कागद घेतला नाही. ते म्हणाले, "तिकडं वाचा," आणि खुर्ची दाखवली.

मी खुर्चीकडं तोंड केलं. कोण बसलं आहे ते मास्तरांनी सांगितलं नाही. मी 'आनंद होतो' पर्यंत वाचलं आणि तिथून पुढं मला वाचता येईना. साखर पेठेतल्या त्या विणकराच्या घरची बाई मी कधी बघितली नव्हती. तरी तिच्यासमोर मला 'आनंद होतो' हे शब्द उच्चारता येईनात. सहा महिने ज्या खुर्चीला मी हसलो, तिनं मला असं गप्प केलं. मला लाज वाटली, आणि ती अजूनही जुनी झालेली नाही.

मास्तर म्हणाले, "ही दुरुस्ती उद्या जाणार नाही. चला."

वाटेत, टांग्यात, मी म्हटलं की समोरचं दैनिक उद्या आपली टर उडवेल, मेलेला माणूस चालत आला म्हणून. ते म्हणाले, उडवू द्या. मग छत्रीच्या मुठीकडं बघत ते म्हणाले, "छापलं तुम्ही. सांगणारही तुम्हीच." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

साखर पेठेतल्या त्या गल्लीत घराघरातून मागांचा आवाज येत होता. आम्ही ज्या घरापुढं थांबलो तिथला माग बंद होता. उंबऱ्याच्या आत एक बाई रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. वय माझ्यापेक्षा जास्त नसेल. घरात तेलुगू बोलणारी माणसं. मराठी तिला बेताचीच येत होती. मास्तर बाहेर छत्री मिटून उभे राहिले. मी उंबऱ्याशी गेलो. धुतलेल्या कपड्यातली दोन माणसं दारात बघून ती लगबगीनं उठली, पदर सावरला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "कोटाला आले का? तेनी आले न्हाई अजून. आले की धुऊन, घडी करून पाठवते. सांगा त्यांना."

मी काय सांगितलं ते मला शब्दाशब्दानं आठवत नाही. मोटार म्हणालो, पूल म्हणालो, आणि मग तो शब्द म्हणालो, साधा, ज्यात काही पळवाट नसते तो. तिला मराठी कमी येत होती, पण तेवढं कळलं. ती खाली बसली. रहाटावरचा धागा तुटला नव्हता, तो तिनं बोटांनी धरून ठेवला होता. मग तिनं मान वर केली आणि विचारलं, "कोटाला आले न्हाई?"

मी नाही म्हणालो.

शेजारच्या बायका आल्या तेव्हा आम्ही बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी आम्हाला हवालदार भेटला. सुताच्या दुकानापासून विचारत विचारत तो आत्ता तिथं पोचत होता. मास्तर बाजूला झाले आणि त्याला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या दैनिकानं मनसोक्त चेष्टा केली. आमची दुरुस्ती तिसऱ्या दिवशी आली, मास्तरांनी लिहिलेली. आधी विणकराचं नाव, तो कशासाठी गेला होता ते, मग त्या कारकुनाची क्षमा. चूक पत्राची, असं लिहिलं होतं. पोलिसांचा उल्लेख नव्हता, माझाही नव्हता. करकंबचं पुढं कळलं. तो कारकून दिवस मावळायच्या सुमाराला पोचला, पण गठ्ठा आधी पोचला होता. बायकांनी त्याच्या बायकोच्या बांगड्याही फोडल्या होत्या. सकाळी कासाराला बोलावून नवा चुडा भरला. पुढं एकदा तो भेटला तेव्हा सांगत होता, की बायको घरात आता पेपर आणू देत नाही. किराणा बांधून आणलेला कागदसुद्धा आधी लांबून बघते. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळं मला तिथं उभं राहणं आणखी अवघड झालं.

त्यानंतर मी आठ वर्षं मास्तरांच्या हाताखाली होतो आणि खुर्चीबद्दल आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही. मी वाचत असे, ते ऐकत असत. कधी मी आपणहून एखादा शब्द खोडला की ते भाकरीचा तुकडा मोडत.

मास्तर गेले ते एका सकाळी, घरी, अंघोळ करून टेबलाशी बसता बसता. दुपारपर्यंत सगळ्या सोलापूरला कळलं होतं. स्मशानात पाऊल ठेवायला जागा नव्हती; समोरच्या दैनिकाचे संपादकही आले होते आणि खरोखर रडत होते. विजापूरला तार केली. मुलगी मात्र तिथं नव्हती. सासरच्या गावी, तारऑफिसपासून दहाबारा कोस आत गेली होती. निरोप घेऊन दीर निघाल्याचं कळलं, तो कधी पोचेल ते कळलं नाही.

संध्याकाळी मी मृत्युलेख लिहून चाचांकडं नेला. ते आता फारच वाकले होते. त्यांनी कागद घेतला नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. मी परत आलो, खुर्चीपुढं उभा राहिलो आणि तिथं कोण बसलं आहे ते मला कुणी सांगायला नको होतं. यांना कळलंय का? मला माहीत नव्हतं. मी मालकांना सांगितलं की उद्या ही बातमी जाणार नाही. मालक त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. मग बाकावर बसले, खुर्चीकडं बघत राहिले, आणि उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या दैनिकाचं पहिलं पान मास्तरांनी भरलं होतं. आमच्या अंकात, जिथं तीस वर्षं ते बसले तिथं, त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. शेंगांचे भाव होते. स्वतःचा संपादक गेल्याचंही यांना तेराव्याला कळणार, असं लोक म्हणाले. मी त्या दिवशी चहाला बाहेर गेलो नाही.

मुलगी आणखी दोन दिवसांनी आली. घरी जाऊन मग ती कचेरीत आली; बापाची छत्री इथं राहिली होती ती न्यायला. चाचांनी उठून वेताची खुर्ची तिच्याकडं सरकवली. ती बसली. तिच्याआधी तिथं बसून राहिलेलं कुणी मी बघितलेलं नाही. अंक सासरी एक दिवस उशिरा पोचतो, ती सांगत होती. वडील गेल्यानंतरचा तो अंक तिला दुपारी मिळाला आणि दीर संध्याकाळी पोचला. "सगळा वाचून काढला मी तो," ती म्हणाली. "नेहमीसारखा, कुठं कुठं अप्पांनी खोडलं असेल ते बघत बघत."

मी खणातून मृत्युलेख काढला आणि तिला वाचून दाखवला. या खेपेस मी नजर खाली घातली नाही. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, एक शब्द काढला तर चालेल का. मी विचारलं, कुठला.

"थोर," ती म्हणाली. "त्यांच्यानं ते ऐकवलं नसतं."

मी तो खोडला आणि कागद चाचांकडं दिला.